राजव्यक्तिचित्र कसे वाचावे : महाराजा दलीपसिंगच्या १८५४ सालच्या तैलचित्राच्या आधारे

एकोणिसाव्या शतकातील राजेराण्यांच्या तैलचित्रांपुढे आपण उभे राहतो तेव्हा नजर आपसूक चेहऱ्याकडे जाते, मग खालच्या पाटीवरचे नाव वाचले जाते, आणि एवढ्यावरच चित्र पाहून झाले असे समजून आपण पुढच्या दालनाकडे वळतो. या प्रकारच्या चित्रांत चेहरा हाच सर्वांत कमी भरवशाचा भाग असतो, कारण तो रुचेल असा रंगवण्यासाठीच चित्रकाराला बोलावलेले असे. राजव्यक्तिचित्र ही मुळात कोणीतरी, कशासाठी तरी, कुठल्या तरी भिंतीसाठी करवून घेतलेली वस्तू आहे. म्हणून ते वाचण्याचा क्रम उलटा ठेवावा असे मी सुचवतो : आधी आकार आणि करवून घेणारा, मग पाय, पार्श्वभूमी, पोशाख व हात, आणि चेहरा अगदी शेवटाकडे. हा क्रम नीट समजावा म्हणून एकच चित्र समोर ठेवू. फ्रान्झ झाव्हर विंटरहाल्टर याने १८५४ मध्ये रंगवलेले, पंजाबच्या शीख राज्याचा पदच्युत राजा महाराजा दलीपसिंग याचे हे पूर्णाकृती व्यक्तिचित्र ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे.

पहिली पायरी : योग्य प्रतिमा मिळवणे

मूळ चित्र इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटावरील ऑस्बोर्न हाउस या राजवाड्यात असल्यामुळे बहुतेकांना प्रतिमेवरच काम करावे लागेल. त्यासाठी संग्रहाच्या अधिकृत संकेतस्थळावरील प्रतिमा घ्यावी. इतरत्र फिरणाऱ्या प्रती बहुधा कमरेपर्यंत कापलेल्या असतात, आणि या चित्राचा निम्मा अर्थ कमरेखाली आहे. रंगांची खातरजमा करण्यासाठी दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रतिमा शेजारी ठेवून त्यांतील पांढरे भाग तपासावेत. एका प्रतिमेत मोती पिवळसर आणि दुसरीत निळसर दिसत असतील, तर दोन्हींतील रंगांविषयी कोणतेही ठाम विधान करू नये.

दुसरी पायरी : आकार भिंतीवर उतरवणे

या चित्राची उंची २०३.८ सेंटिमीटर आणि रुंदी १०९.५ सेंटिमीटर आहे. हे आकडे नुसते वाचून सोडू नयेत. घरातील मोकळ्या भिंतीवर या मापाचा आयत चिकटपट्टीने आखावा आणि त्याच्या उंचीच्या सुमारे दुप्पट अंतरावर उभे राहून पाहावे. साधारण दाराएवढ्या या कॅनव्हासवर आकृती जवळपास माणसाएवढी येते, आणि पडद्यावर बोटभर दिसणारा मुलगा प्रत्यक्षात आपल्यासमोर उभ्या माणसासारखा भासत असला पाहिजे, हे लगेच लक्षात येते. एकोणिसाव्या शतकात पूर्णाकृती, माणसाएवढे चित्र हा मानाचा प्रकार होता. नातेवाइकांसाठी किंवा खासगी खोलीसाठी छातीपर्यंतचे चित्र पुरेसे मानले जाई. तेव्हा आकारावरून पहिली नोंद अशी करता येते की हे चित्र मोठ्या दालनात, पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा जागी लावण्याच्या हेतूने केले गेले.

तिसरी पायरी : चित्र कोणी करवून घेतले ते शोधणे

संपूर्ण लेखातील हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तीच सर्वाधिक वेळा गाळली जाते.

दलीपसिंग हा महाराजा रणजितसिंग आणि महाराणी जिंदन यांचा मुलगा. त्याचा जन्म सप्टेंबर १८३८ मधला. १८४३ मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो लाहोरच्या गादीवर बसला. दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धानंतर २९ मार्च १८४९ रोजी पंजाब ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्याला जोडला गेला, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. ज्या करारावर त्याची सही घेतली गेली त्यात त्याने राज्यावरचे सर्व हक्क सोडावेत, कोहिनूर हिरा इंग्लंडच्या राणीला द्यावा आणि बदल्यात त्याला व त्याच्या आश्रितांना मिळून वर्षाला चार ते पाच लाख रुपये मिळावेत, अशी कलमे होती. आईपासून त्याला आधीच तोडले होते. डॉक्टर जॉन लॉगिन या पालकाच्या देखरेखीखाली फत्तेगढला त्याचे शिक्षण झाले, तिथेच १८५३ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५४ च्या उन्हाळ्यात तो इंग्लंडला पोहोचला.

राणी व्हिक्टोरियाला हा मुलगा पाहताक्षणी आवडला आणि काही दिवसांतच तिने त्याचे चित्र विंटरहाल्टरकडे सोपवले. जुलै १८५४ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात बैठकी सुरू झाल्या. म्हणजे चित्राचा विषय एक पदच्युत राजा आहे, आणि चित्र करवून घेणारी व्यक्ती ही त्याचे राज्य जिच्या सत्तेखाली गेले ती राणी आहे. हे एकदा नीट मांडले की पुढच्या प्रत्येक तपशिलाला वेगळा प्रश्न विचारता येतो : हा तपशील मुलाला हवा होता, की राणीला?

चित्रकाराबद्दलही दोन गोष्टी माहीत असाव्यात. विंटरहाल्टर १८०५ मध्ये जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या मेन्झेनश्वांड या लहानशा गावी जन्मला, शिळाछापाचे (लिथोग्राफीचे) काम शिकून वर आला, फ्रान्सच्या लुई फिलिपच्या दरबारात नावाजला गेला आणि १८४२ पासून व्हिक्टोरियासाठी काम करू लागला. रेशीम, मखमल, जाळीदार वस्त्र आणि रत्ने रंगवण्यात त्याचा हात धरणारे त्या काळात थोडे होते. समीक्षकांनी त्याला कायम उथळ म्हटले, राजघराण्यांनी मात्र कायम बोलावले. माझ्या मते दोन्ही पक्षांचे म्हणणे बरोबर होते.

चौथी पायरी : पाहणे पायांपासून सुरू करणे

आता चित्राच्या तळाशी या. राजव्यक्तिचित्रात क्षितिजरेषा कुठे आहे हे आधी शोधावे. ती जितकी खाली, तितके आपण आकृतीकडे खालून वर पाहतो आणि आकृती तितकी भव्य वाटते. पट्टी घेऊन आकृतीची एकूण उंची मोजावी, मग डोक्याची उंची मोजावी आणि एका उंचीत किती डोकी बसतात ते काढावे. सामान्य प्रौढ माणसाच्या अंगात साधारण साडेसात डोकी बसतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलात किंचित कमी. हे मोजमाप कोणत्याही पूर्णाकृती चित्राला लावता येते आणि त्यातून चित्रकाराने कुठे हात सैल सोडला ते नेमके कळते.

या चित्रात तर त्याचे कारणही नोंदले गेले आहे. मुलगा अजून वाढेल असे धरून विंटरहाल्टरने त्याला होता त्यापेक्षा उंच रंगवले, आणि पुढे दलीपसिंग तेवढा उंच कधीच झाला नाही. कॅनव्हासवर उभा असलेला तरुण अशा रीतीने प्रत्यक्षात कधी अस्तित्वातच नव्हता. राजव्यक्तिचित्रात उंची वाढवणे नवे नव्हते, परंतु येथे ती भविष्यावर हवाला ठेवून वाढवली गेली, हे मात्र विरळा आहे.

पाचवी पायरी : पार्श्वभूमीची उलटतपासणी

आकृतीच्या मागे मोकळे आकाश आणि दूरवर पौर्वात्य धाटणीच्या इमारतींची अस्पष्ट रेषा दिसते. बैठकी लंडनमध्ये झाल्या, चित्रकार भारतात कधी आला नव्हता. तेव्हा हा देखावा पूर्णपणे कल्पनेतून आलेला आहे. येथे वाचकाने स्वतःला विचारावे की या पार्श्वभूमीत लाहोर ओळखता येईल अशी एकही वास्तू आहे का? नसेल, तर ते अपघाताने झाले असे मानण्याचे कारण नाही. ओळखू येणारी राजधानी दाखवली असती तर हरवलेल्या राज्याची आठवण झाली असती, तर नुसता ‘पूर्वेकडचा देश’ दाखवल्याने मुलाला भरजरी पोशाखात उभे करण्यापुरते निमित्त मिळाले. हा माझा तर्क आहे आणि वाचकाने तो तर्क म्हणूनच वहीत लिहावा.

सहावी पायरी : पोशाख आणि दागिन्यांची यादी

कागदावर दोन स्तंभ आखावेत. डावीकडे दिसणाऱ्या वस्तूंची नावे लिहावीत : पगडी, तिच्यावरील रत्नजडित शिरपेच, मोत्यांचे पदर, भरतकामाचा अंगरखा, तलवार, गळ्यातील लघुचित्र. उजवीकडे प्रत्येकीपुढे ती वस्तू कोणाची होती, कोणी दिली आणि ती येथे का आहे हे लिहावे. जिथे माहिती नसेल तिथे जागा कोरी ठेवावी. यादी करताना विशेषणे टाळावीत, कारण ‘वैभवशाली’ किंवा ‘राजबिंडा’ असे लिहून ठेवले की डोळा पुढे काम करीत नाही.

या यादीतील सर्वांत छोटी वस्तू सर्वांत बोलकी आहे. दलीपसिंगच्या गळ्यात हिऱ्यांच्या कोंदणात बसवलेले एक लघुचित्र आहे, ते राणी व्हिक्टोरियाचे आहे आणि ते रंगवले आहे एमिली इडन हिने, जी गव्हर्नर जनरल लॉर्ड ऑकलंडची बहीण होती. प्रतिमा मोठी करून हा भाग मिनिटभर पाहावा. राजव्यक्तिचित्रात छातीवर जे असते ते निष्ठा सांगते : कोठे कुलदैवताचा टाक, कोठे सन्मानपदक, कोठे पूर्वजाची प्रतिमा. येथे रणजितसिंगाच्या मुलाच्या छातीवर रणजितसिंग नाही, इंग्लंडची राणी आहे. चित्रात एक राजा दिसतो आणि त्याच्या गळ्यात त्याची मालकीण दिसते. इतक्या लहान जागेत इतके राजकारण मावलेले दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

पोशाखाबाबत आणखी एक विसंगती टिपावी. १८५४ पर्यंत दलीपसिंग ख्रिस्ती झाला होता, त्याने केस कापले होते आणि त्याचे शिक्षण इंग्रजी पद्धतीने चालले होते. तरी चित्रात तो संपूर्ण दरबारी शीख पोशाखात आहे, कारण राणीला तो त्याच पोशाखात आवडे. पगडी असल्यामुळे कापलेल्या केसांचा प्रश्नही उरत नाही.

सातवी पायरी : हात

चित्रकाराची खरी परीक्षा हातांत असते, आणि राजव्यक्तिचित्रात हात काय धरतात यावर अधिकाराची भाषा ठरते : राजदंड, सनद, ग्रंथ, नकाशा, तलवार. दलीपसिंगजवळ तलवार आहे. शीख राज्याच्या खालसा फौजेने मार्च १८४९ मध्ये रावळपिंडीजवळ शस्त्रे खाली ठेवली होती, म्हणून ही तलवार शोभेची आहे हे राणी, चित्रकार आणि तो मुलगा या तिघांनाही ठाऊक होते. बोटांची पकड घट्ट आहे की नुसती टेकलेली, मनगटात ताण आहे की नाही, हे बारकाईने पाहावे आणि शब्दांत उतरवावे.

आठवी पायरी : काय नाही ते पाहणे

पोशाखाच्या यादीखाली आता एक रेघ मारून चित्रात असायला हव्या होत्या पण नाहीत अशा गोष्टी लिहाव्यात. सिंहासन नाही. छत्र नाही. दरबारी नाहीत. आणि कोहिनूर नाही.

हा हिरा १८५१ च्या लंडनमधील भव्य प्रदर्शनात मांडला गेला तेव्हा त्याचे तेज लोकांना पुरेसे वाटले नाही. म्हणून १८५२ मध्ये तो नव्याने पैलू पाडून घेण्यात आला आणि सुमारे १८६ कॅरटचा हिरा जेमतेम १०६ कॅरटवर आला. पालक डॉक्टर लॉगिन यांची पत्नी लेडी लॉगिन हिच्या आठवणींनुसार याच चित्राच्या बैठकी चालू असताना राणीने तो राजवाड्यात आणवला आणि दलीपसिंगच्या हातात ठेवला. तो हिरा घेऊन खिडकीपाशी गेला, उजेडात फिरवून बराच वेळ पाहत राहिला आणि मग परत येऊन स्वतःच्या हाताने राणीला देण्यात आपल्याला आनंद वाटतो अशा आशयाचे बोलून त्याने तो तिच्या स्वाधीन केला. कराराने घेतलेल्या वस्तूला अशा रीतीने भेटीचे रूप मिळाले. प्रसंग घडला तेव्हा चित्रकार कुंचला घेऊन त्याच दालनात होता, पण त्याच्या कॅनव्हासवर त्याचा मागमूस नाही.

अनुपस्थितीचा अर्थ दर वेळी इतका जड असेलच असे नाही. विंटरहाल्टरनेच १८६५ मध्ये रंगवलेल्या ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथच्या प्रसिद्ध चित्रात मुकुट नाही, फक्त वेणीत माळलेल्या हिऱ्यांच्या चांदण्या आहेत, आणि तेथे मुकुटाचे नसणे ही आत्मविश्वासाची खूण ठरते. तिचे पद कोणी हिरावून घेतलेले नव्हते, म्हणून ते दाखवण्याची गरज नव्हती. दलीपसिंगच्या चित्रात उलट घडले आहे : पद गेले असल्यामुळेच दागिने शक्य तितके दाखवले आहेत.

नववी पायरी : आता चेहरा

चेहऱ्याबद्दल मत बनवण्यापूर्वी त्याच व्यक्तीच्या इतर प्रतिमा गोळा कराव्यात. दलीपसिंगच्या बाबतीत ही सामग्री सुदैवाने भरपूर आहे. जॉर्ज बीची याने १८५२ मध्ये त्याचे चित्र भारतातच रंगवले होते. १८५४ च्या ऑगस्टमध्ये तो ऑस्बोर्नला राहायला गेला असताना तेथे त्याची छायाचित्रे घेतली गेली, आणि राणीने स्वतः आपल्या मुलांसोबत खेळणाऱ्या या मुलाची रेखाटने केली. १८५६ मध्ये मारोकेटी या शिल्पकाराने त्याचा अर्धपुतळा घडवला.

या सर्व प्रतिमा एका ओळीत लावून डोळ्यांमधले अंतर, नाकाची लांबी, ओठांची जाडी आणि हनुवटी यांची तुलना करावी. छायाचित्रालाही अंतिम सत्य मानू नये. त्या काळात कॅमेऱ्यासमोर बराच वेळ स्तब्ध राहावे लागे, त्यामुळे चेहरे ताठरतात. तरी विंटरहाल्टरने डोळे मोठे आणि त्वचा नितळ करण्याची आपली नेहमीची सवय येथे किती प्रमाणात वापरली, याचा अंदाज या तुलनेतून येतो. राणीची घरगुती रेखाटने मात्र खास लक्ष देऊन पाहावीत, कारण तैलचित्रातला राजपुत्र आणि रेखाटनांतला खेळकर मुलगा हे एकाच उन्हाळ्यातले आहेत.

दहावी पायरी : पृष्ठभाग

मूळ चित्रापुढे उभे राहण्याची संधी मिळाली तर बाजूला सरकून तिरप्या नजरेने पाहावे. चकाकीमुळे व्हार्निशचा थर, रंगाला गेलेले तडे, कॅनव्हासची वीण आणि जाड रंगाचे उंचवटे दिसू लागतात. दागिन्यांजवळ जाता येईल तितके जावे, अर्थात संग्रहालयाने आखलेल्या मर्यादेत. दुरून झगमगणारा हिरा जवळून पाहिला तर गडद रंगाशेजारी टेकवलेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका निघतो. जुने व्हार्निश पिवळे पडले की पांढरे पिवळसर आणि निळे हिरवट दिसते, म्हणून वस्त्राच्या मूळ रंगाविषयी लिहिताना सावध असावे. फ्लॅश कधीही वापरू नये.

अकरावी पायरी : भिंत आणि शेजारी

चित्राभोवती काय टांगले आहे हाही चित्राच्या अर्थाचा भाग असतो. ऑस्बोर्नमध्ये १८९० च्या सुमारास दरबार हॉल बांधण्यात आला, ज्याच्या सजावटीत लाहोरचे कारागीर भाई रामसिंग यांचा मोठा वाटा होता. त्याकडे नेणाऱ्या मार्गिकेत दलीपसिंगचे चित्र आहे आणि सोबत रुडॉल्फ स्वोबोडा याने रंगवलेली भारतीय माणसांची चित्रे आहेत, ज्यांत विणकर, कुंभार, शिपाई असे साधे लोक आहेत. स्वोबोडाला राणीनेच १८८६ मध्ये त्यासाठी भारतात पाठवले होते. या शेजारामुळे दलीपसिंग राजांच्या रांगेत उभा न राहता राणीच्या भारतीय प्रजेच्या संग्रहात उभा राहतो.

बारावी पायरी : पुढचे आयुष्य, पण शेवटी

चरित्राची माहिती मुद्दाम या टप्प्यापर्यंत मागे ठेवावी, नाहीतर पंधरा वर्षांच्या चेहऱ्यावर आपण पुढची सगळी शोकांतिका वाचू लागतो. १८६१ मध्ये कलकत्त्यात आई आणि मुलाची पुन्हा गाठ पडली आणि जिंदन त्याच्याबरोबर इंग्लंडला गेली. १ ऑगस्ट १८६३ रोजी तिचे लंडनमध्ये निधन झाले. तिचे अंत्यसंस्कार भारतात व्हावेत म्हणून दलीपसिंग १८६४ मध्ये तिचे पार्थिव घेऊन मुंबईला आला. पंजाबात जाण्याची परवानगी त्याला मिळाली नाही, तेव्हा गोदावरीकाठी नाशिकला तिची रक्षा विसर्जित झाली आणि पंचवटीत लहानशी समाधी बांधली गेली. पुढे १९२४ मध्ये नात बंबा हिने आजीच्या अस्थी लाहोरला, रणजितसिंगाच्या समाधीपाशी नेल्या. दलीपसिंग स्वतः १८८६ मध्ये भारताकडे निघाला असता त्याला एडनला अडवले गेले, तेथे त्याने पुन्हा शीख धर्म स्वीकारला, आणि १८९३ मध्ये पॅरिसमध्ये त्याचा मृत्यू झाला.

ही माहिती हाती आल्यावर गळ्यातील लघुचित्राकडे परत जावे आणि आपण आधी काय लिहिले होते ते बदलावेसे वाटते का, हे पाहावे. बदलावेसे वाटले तर जुनी नोंद खोडू नये, खाली तारखेसह नवी लिहावी.

आपल्याकडील चित्रांवर हीच पद्धत

ही पद्धत बडोदा, औंध किंवा कोल्हापूर येथील संग्रहांतही जशीच्या तशी वापरता येते. विशेषतः राजा रविवर्म्याने बडोद्याच्या राजघराण्यासाठी केलेली चित्रे तिसऱ्या पायरीच्या सरावासाठी उत्तम आहेत. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव गायकवाड तिसरे यांना राज्याधिकार मिळाले त्या सुमारास रविवर्मा बडोद्याला आला, आणि त्याला बोलावण्यामागे दिवाण सर टी. माधवराव होते. सयाजीराव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा शेतकरी कुटुंबातला मुलगा, जो १८७५ मध्ये दत्तक घेऊन गादीवर बसवला गेला होता. तेव्हा तो जन्मजात राजा वाटावा ही गरज कोणाची होती, राजाची, दिवाणाची की रेसिडेंटची (संस्थानात नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीची), हा प्रश्न तेथे प्रत्येक दागिन्यापुढे विचारता येतो. औंधच्या श्री भवानी संग्रहालयातही रविवर्म्याची चित्रे आहेत आणि तेथे गर्दी कमी असल्यामुळे एका चित्रापुढे अर्धा तास थांबणे शक्य होते.

जाताना मोजपट्टी, पेन्सिल आणि वही एवढेच न्यावे. शाईचे पेन अनेक संग्रहालयांत चालत नाही. वहीच्या डाव्या पानावर केवळ डोळ्यांनी दिसलेले, उजव्या पानावर पाटीवर किंवा पुस्तकात वाचलेले, आणि तळाशी स्वतःचे तर्क अशी विभागणी ठेवावी, आणि घरी आल्यावर लेख लिहायचा झाल्यास सुरुवात डाव्या पानापासून करावी.